लाकूड वाकतं ते दबून, ताणून नव्हे

मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलांतली खुर्ची आठवून पहा. काळपट रंग, गोल बैठक, आणि मागच्या एका पायातून निघून, पाठीमागून वळसा घेऊन दुसऱ्या पायात उतरणारी एकच कमान. त्या कमानीला कुठेही सांधा नाही. ती करवतीने कापून काढलेलीही नाही. तशी कापली असती तर वळणाच्या जागी लाकडाचे तंतू मधेच तुटले असते आणि रोजच्या टेकण्याने खुर्ची नेमकी तिथेच मोडली असती. ही कमान मुळात एक सरळ दांडा आहे. तो वाफेवर गरम करून वाकवला आहे, आणि त्यातले तंतू वळणासोबत वळत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेले आहेत. इतकी बारीक खुर्ची इतकी वर्षं टिकते ती त्यामुळेच.

असं काही आपणही करून पाहावं असं लाकूडकामाची आवड असणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. लाकूड वाफवायची पेटी बनते, तिच्यात वाफ सोडली जाते, फळी बाहेर येते आणि साच्यावर अर्ध्यात कडकन मोडते. मग पुढच्या वेळी वाफेची वेळ दुप्पट. तीही मोडते. माझ्या मते हे निदानच बहुतेक वेळा चुकीचं असतं. पेटी नीट तापलेली असेल, तर मोडण्यात वाफेचा दोष क्वचितच निघतो. दोष निघतो तो लाकडाच्या निवडीत, नाहीतर बाहेरच्या बाजूवर पडणाऱ्या ताणात. लाकडाच्या आत काय चाललंय हे एकदा कळलं की मोडलेला तुकडा पाहून कारण ओळखता येतं, आणि मग पुढचा प्रयत्न अंदाजपंचे राहत नाही.

वाफ नेमकं काय करते

लाकूड मुख्यतः तीन पदार्थांचं बनलेलं असतं. सेल्युलोज म्हणजे लांब, मजबूत धागे. लिग्निन म्हणजे त्या धाग्यांना धरून ठेवणारा टणक चिकट पदार्थ. आणि या दोघांना जोडणारं हेमिसेल्युलोज. वाफेच्या उष्णतेने सेल्युलोजचं फारसं काही होत नाही. नरम पडतं ते लिग्निन आणि हेमिसेल्युलोज. गुळाच्या पाकातली चिक्की गरम असताना लाटता येते, वळवता येते, आणि गार झाली की कडक होते. लाकडात होतं ते त्याच जातीचं. नरम असेपर्यंत तंतू एकमेकांवरून थोडे सरकू शकतात, थोडे चुरगळू शकतात. गार होऊन वाळलं की लिग्निन त्यांना नव्या जागी पुन्हा पकडून ठेवतं.

मग वाफच का? नुसत्या आगीवर का नाही? कारण लिग्निन किती तापमानाला नरम पडेल हे लाकडातल्या ओलाव्यावर ठरतं. कोरड्या लाकडात त्याला १०० अंश सेल्सिअसच्या बरीच वर उष्णता लागते, आणि तिथवर पोचेपर्यंत लाकूड आणखी वाळतं, तडकतं, करपायला लागतं. ओलसर लाकडात तेच लिग्निन साधारण ८० ते १०० अंशांच्या दरम्यान नरम होतं. म्हणजे साध्या उकळत्या पाण्याची वाफ पुरते, दाबाची गरज नाही. उंचीवर पाणी जरा कमी तापमानाला उकळतं, पुण्यात साधारण ९८ अंशांना, महाबळेश्वरला ९५-९६च्या आसपास; तेवढ्याने काही बिघडत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वाफ लाकडात पाणी घालण्यासाठी नसते. तासाभरात वाफेतून लाकडात शिरणारं पाणी थोडंसंच, तेही वरवरच्या थरात. वाफेचं खरं काम लाकडाला गाभ्यापर्यंत तापवणं, आणि ते करताना वाळू न देणं. ओलावा लाकडात आधीपासूनच असावा लागतो. लाकूड उष्णतेचं मंद वाहक, म्हणून आतपर्यंत तापायला वेळ लागतो. कारागिरांचा जुना ठोकताळा आहे: एक इंच जाडीला एक तास. हा तास गॅस पेटवल्यापासून मोजायचा नाही. पेटी आतून पूर्ण तापली आणि दुसऱ्या टोकातून भरभरून वाफ येऊ लागली की घड्याळ लावायचं. गाभा एकदा तापला की पुढे तासन्‌तास वाफवून लाकूड अधिक लवचीक होत नाही. उलट हेमिसेल्युलोजची झीज होऊ लागते आणि लाकूड ठिसूळ होतं. वेळ दुप्पट करण्याचा उपाय म्हणूनच फसतो.

पाठ आणि पोट

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. वाकलेल्या पट्टीच्या बाहेरच्या बाजूला पाठ म्हणू आणि आतल्या बाजूला पोट. वाकताना पाठ ताणली जाते, पोट दबतं. लाकडाला हे दोन्ही सारखं सोसत नाही. नीट वाफवलेलं चांगलं लाकूडही लांबीच्या दिशेने जेमतेम दीड-दोन टक्के ताणलं जातं, त्यापुढे तुटतं. दबायला मात्र ते कितीतरी तयार असतं. वाकायला चांगल्या जातींचं वाफवलेलं लाकूड लांबीत २५ ते ३० टक्क्यांपर्यंत दाबता येतं.

हे आकड्यांत पाहू. २५ मिलिमीटर जाडीची पट्टी अर्धवर्तुळात वाकवायची आहे, आतली त्रिज्या २०० मिलिमीटर. पोटाची लांबी होईल ६२८ मिलिमीटर, पाठीची ७०७. म्हणजे एकाच पट्टीच्या दोन बाजूंत जवळजवळ ८ सेंटीमीटरचा फरक, आणि वाकवण्यापूर्वी दोन्ही बाजू सारख्याच लांबीच्या होत्या! हा फरक येणार कुठून? मधली रेषा आपली मूळ लांबी टिकवून आहे असं धरलं, तर पाठीला सुमारे ६ टक्के ताणावं लागतं. तिची ताकद दोन टक्क्यांची. ती तुटणारच, मग वाफ कितीही द्या.

पण समजा पाठीला मुळीच ताणू दिलं नाही. ७०७ मिलिमीटरची पट्टी घेतली, पाठ तेवढीच ठेवली आणि सगळा फरक पोटाकडून वसूल केला. पोट ७०७ वरून ६२८ वर आलं, म्हणजे ११ टक्के दबलं. हे त्याच्या आवाक्यात आहे. जे वळण अशक्य वाटत होतं ते आता आरामात जमतं.

पाठीला ताणू न देण्याची युक्ती म्हणजे लोखंडी पट्टा. लाकडाच्या पाठीवर तितक्याच रुंदीचा, दीड-दोन मिलिमीटर जाडीचा पोलादी पट्टा बसवायचा. त्याच्या दोन्ही टोकांना भक्कम ठोकळे बोल्टने आवळायचे, आणि लाकूड त्या दोन ठोकळ्यांच्या मध्ये घट्ट अडकवायचं. आता वाकवताना लाकूड लांब होऊ पाहतं, पण ठोकळे त्याला होऊ देत नाहीत. ताण सगळा पोलाद घेतं, लाकूड फक्त दबत जातं.

आपण जे वाकवणार आहोत त्याला पट्टा लागेल का, हे आधीच कळू शकतं. पाठीचा ताण दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा तर वळणाची त्रिज्या जाडीच्या साधारण २५ पट हवी. १० मिलिमीटरच्या पट्टीला २५० मिलिमीटर त्रिज्या, ६ मिलिमीटरच्या पट्टीला १५०. प्रत्यक्षात वाफवलेल्या लाकडाचं पोट सहज दबतं, त्यामुळे मधली रेषा आपोआप थोडी पाठीकडे सरकते आणि बीच, अ‍ॅशसारखी थंड प्रदेशातली लाकडं या हिशेबाच्या बरीच पुढे जातात. तरी शिकताना २५ पटीवरच सुरुवात करावी. तिथे यश मिळालं की त्रिज्या थोडी थोडी कमी करत जायची, म्हणजे आपल्या हातातलं लाकूड कुठवर साथ देतं ते त्याच्याकडूनच कळतं.

नावेच्या फळ्यांना पट्टा लागत नाही तो याच कारणाने. फळी लांब, वळण सावकाश. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेलं ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज गोव्यात होडी इनोव्हेशन्सच्या गोदीत बांधलं गेलं आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या पारंपरिक पद्धतीने वाफवून जहाजाच्या अंगाप्रमाणे वळवल्या, आणि मग काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या. लोखंडी खिळ्यांवर विसंबायचं नसेल तर फळी आपल्या जागी आपणहून नीट बसली पाहिजे. सतत उसळून सुटू पाहणारी फळी दोरी किती दिवस धरणार?

टोनेटची खटपट

पट्ट्याची युक्ती आज दोन परिच्छेदांत सांगता येते, पण ती सापडायला एका कारागिराची उमेदीची वर्षं गेली. मिखाएल टोनेट हा ऱ्हाइन नदीकाठच्या बोपार्ड गावचा फर्निचर कारागीर, जन्म १७९६चा. १८३०च्या दशकात त्याने लाकडाच्या पातळ पट्ट्यांच्या जुड्या गरम सरसात उकळून, साच्यात वळवून खुर्च्या करायला सुरुवात केली. पातळ पट्टी सहज वळते, कारण तिच्या पाठीपोटात फरकच नगण्य. ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निख याच्या बोलावण्यावरून तो १८४२ मध्ये व्हिएन्नाला गेला, पुढे तिथे स्वतःचा कारखाना काढला, आणि १८५१च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या फर्निचरला कांस्यपदक मिळालं.

अडचण सरसाची होती. दमट, उष्ण देशांकडे समुद्रमार्गे पाठवलेल्या मालात चिकटवलेले थर सुटू लागले. म्हणून सरस वगळून अखंड लाकूडच वाकवायचं, या मागे तो लागला. अखंड जाड दांडा साच्यावर वाकवला की पाठ फुटायची, आणि त्यावरचा त्याचा तोडगा म्हणजे हाच पोलादी पट्टा. अखंड लाकूड वाकवण्याच्या पद्धतीचा हक्क (पेटंट) त्याच्या मुलांच्या नावाने चालणाऱ्या कंपनीला १८५६ मध्ये मिळाला. मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या बीचच्या जंगलांजवळ कोरिचनी गावी कारखाना उभा राहिला. १८५९ मध्ये १४ नंबरची खुर्ची आली: लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू, २ नट. सुट्या भागांत बांधल्या तर एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. १९३० पर्यंत त्या जवळपास ५ कोटी विकल्या गेल्या होत्या. १८६९ मध्ये हक्काची मुदत संपली, तसे इतर कारखानदारही याच पद्धतीने खुर्च्या करू लागले. आपल्याकडच्या इराणी हॉटेलांतल्या खुर्च्या याच कुळातल्या.

बिस्त्रित्से पोद होस्तिनेम या चेक गावात १८६१ मध्ये टोनेटांनी काढलेल्या कारखान्यात आजही टोन नावाची कंपनी बीचचं लाकूड वाफवून माणसांच्या हातांनी वाकवते. पट्टा, ठोकळे, साचा, सगळं तेच.

कुठलं लाकूड घ्यावं

वाकायला नावाजलेली लाकडं बहुतेक थंड हवेच्या प्रदेशातली रुंद पानांची: बीच, अ‍ॅश, ओक, एल्म, हिकरी. देवदार, पाइन यांसारखी सूचिपर्णी लाकडं सर्वसाधारणपणे कच्ची पडतात. उष्ण कटिबंधातली बरीचशी लाकडंही. सागवान टिकाऊपणात कुणाला हार जाणार नाही, पण वाकण्यात ते बीच-अ‍ॅशच्या पंक्तीला बसत नाही. सावकाश वळणापुरतं घ्यावं. आपल्याकडचं लक्षात ठेवण्याजोगं लाकूड तुती. जालंधरकडे हॉकी स्टिक वर्षानुवर्षं तुतीच्या केल्या गेल्या, त्या याच गुणामुळे. रेशमाच्या शेतीमुळे किंवा बांधावर तुतीचं जुनं झाड असेल आणि ते तोडलं जाणारच असेल, तर त्याची सरळ फांदी मागून घ्यावी.

वखारीत ‘स्टीम बीच’ या नावाने लाकूड मिळतं. नावातल्या स्टीमवर जाऊ नये. ती वाफ रंग एकसारखा करण्यासाठी आणि लाकडातले अंतर्गत ताण कमी करण्यासाठी दिलेली असते, आणि त्यानंतर ते भट्टीत वाळवलेलं असतं. भट्टीत ८ ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेलं लाकूड फर्निचरला उत्तम, वाकवायला नाही. वाकवण्यासाठी १५ ते २५ टक्के ओलावा चांगला. सावलीत, हवेशीर जागी, थरांमध्ये काड्या घालून नैसर्गिकरीत्या वाळत ठेवलेलं लाकूड या टप्प्यावर आलेलं असताना वापरावं. भट्टीतलंच घ्यावं लागलं तर पट्टी पातळ करून काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावी. पातळ पट्टीला त्याने थोडा फायदा होतो, जाड दांड्याला जवळजवळ नाहीच.

मग ताजं तोडलेलं, ओलं लाकूड सगळ्यात चांगलं म्हणायचं का? सौम्य वळणाला हो. तीव्र वळणाला मात्र ते घात करतं. त्याच्या पेशींच्या पोकळ्यांत पाणी भरलेलं असतं. पोट दाबलं जाताना त्या पाण्याला पटकन बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पेशी आतूनच फुटतात.

जातीपेक्षाही जास्त फरक पडतो तो तंतूंच्या सरळपणाने. फळीची कड आणि तंतूंची दिशा यांत १५ सेंटीमीटर लांबीत १ सेंटीमीटरहून जास्त तिरकेपणा असेल तर ती फळी बाजूला ठेवावी. डोळ्यांना दिसणाऱ्या रेषा फसवतात. त्या फळीच्या एका बाजूवर सरळ आणि कडेवर तिरक्या असू शकतात. म्हणून दोन्ही बाजू तपासायच्या. शाईचा एक थेंब रंधलेल्या पृष्ठभागावर टाकला की तो तंतूंच्या दिशेने पसरतो, तेही पाहावं. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लाकूड करवतीने कापण्याऐवजी पाचर ठोकून फोडणं. फाटताना लाकूड तंतूंच्याच वाटेने जातं, त्यामुळे फोडून मग रंधलेल्या पट्टीत तिरके तंतू राहतच नाहीत. गाठ मात्र कुठलीच चालत नाही, अगदी मोहरीएवढीही वळणाच्या जागी नको.

पेटी, वाफ आणि काळजी

पेटी कशाचीही चालते, फक्त ती वाफेत तगली पाहिजे. प्लायवूड घ्यायचं तर ‘बीडब्ल्यूपी’ प्रतीचं, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं. साध्या ‘एमआर’, म्हणजे फक्त दमटपणा सोसणाऱ्या प्लायचे थर वाफेने सुटतात. पीव्हीसी पाइप अनेकजण वापरतात, पण तो या तापमानाला स्वतःच मऊ होऊन झोल खातो, त्याला खालून पूर्ण आधार लागतो. पेटीच्या आत आडव्या काड्या बसवायच्या म्हणजे लाकूड तळाला न टेकता चहूबाजूंनी वाफ घेईल. या काड्या लाकडी किंवा स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. ओक, बाभूळ अशा टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या लाकडाला ओलं लोखंड लागलं की निळेकाळे डाग पडतात. पाठीवरच्या पट्ट्यालाही हेच लागू, तोही स्टेनलेस मिळाला तर उत्तम. पेटी एका बाजूला थोडी उतरती ठेवायची आणि खालच्या टोकाला भोक ठेवायचं, म्हणजे वाफेचं पाणी निथळून जाईल.

पेटी कधीही हवाबंद करायची नाही. वाफेला बाहेर पडायची वाट सतत मोकळी हवी. दाराऐवजी जाड कापडाचा पडदा किंवा सैल झाकण पुरतं. वाफ तयार करायला सैल झाकणाचं मोठं भांडं आणि रुंद नळी हे सुरक्षित. कुकरची शिट्टी काढून तिथे नळी जोडण्याची पद्धत आहे, पण नळी मुडपली किंवा तुंबली तर तो कुकर पुन्हा दाबाचं भांडं होतो. हे करायचंच असेल तर त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावू नये आणि नळी आखूड, जाड ठेवावी. मधे पाणी घालावं लागलं तर ते उकळतंच घालायचं. गार पाण्याने वाफ थांबते आणि पेटीचं तापमान पडतं. पेटीच्या लांबच्या टोकाला थर्मामीटर असला तर हे लगेच दिसतं.

दार उघडताना तोंड आणि हात बाजूला ठेवावेत. पांढरा धूर दिसतो ते गार झालेले थेंब असतात. त्याआधीची खरी वाफ दिसत नाही आणि भाजते तीच. आत सुती आणि वर कातडी हातमोजे घालावेत.

साच्यावरचे काही सेकंद

पेटीतून काढलेली पट्टी बाहेर आल्या क्षणापासून गार होत असते. पातळ पट्टीला वीस-तीस सेकंद, जाड दांड्याला थोडे जास्त. म्हणून खरं काम आधीच झालेलं असावं लागतं. साचा टेबलाला बोल्टने आवळलेला, क्लॅम्प हव्या तेवढ्या उघडून ठेवलेले, पाचरी हाताशी, आणि दुसऱ्या माणसाला त्याने कधी काय करायचं हे माहीत. एखादी पातळ, गार पट्टी घेऊन ही हालचाल आधी करून पाहावी. कुठला क्लॅम्प पोचत नाही, कुठे हात अडकतो, हे तेव्हा कळलेलं बरं.

पट्टा वापरत असाल तर तोही तापवून घ्या. गार पोलाद लाकडाच्या पाठीतली उष्णता ओढून घेतं, आणि ती नेमकी आपल्याला हवी त्या बाजूची. ठोकळ्यांमधलं अंतर लाकडाच्या लांबीइतकंच असावं. पट्टा सैल राहिला तर पाठ ताणली जाते, फार आवळला तर पोटावर चुण्या पडतात. वाकत जाईल तसा दाब वाढतो, म्हणून एका ठोकळ्याशी पाचर किंवा स्क्रू ठेवतात, जो गरजेप्रमाणे किंचित ढिला करता येतो.

वाकवताना झटका नको आणि मधे थांबणंही नको. एकसारख्या गतीने, पट्टी साच्याला चिकटून राहील अशी, वळणाच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे, किंवा मधून दोन्हीकडे. हाताला सुरुवातीला विरोध जाणवतो, मग लाकूड एकदम मऊ होऊन साच्याकडे यायला लागतं. हा क्षण एकदा हाताला कळला की पुन्हा विसरत नाही.

मोडलेला तुकडा काय सांगतो

तुकडा मोडला तर फेकू नये. त्यावर पेन्सिलीने लाकडाची जात, जाडी, वाफेचा वेळ, ओलं होतं की वाळलेलं, एवढं लिहून ठेवावं आणि मोड नीट पाहावी.

पाठीवरून लांब, तिरकी सळ उचलली गेली असेल तर तंतू तिरके होते. इथे वाफेचा काही संबंध नाही. दुसरी पट्टी निवडायला हवी. सळ लहान असेल आणि वेळीच थांबला असाल, तर ती वाळल्यावर सरस लावून दाबून ठेवता येते, पण ज्या भागावर भार येणार तिथे असा तुकडा वापरू नये.

पाठ आडवी, आखूड, खडबडीत मोडली असेल तर लाकूड पुरेसं तापलेलं नव्हतं, फार कोरडं होतं किंवा मुळातच ठिसूळ होतं. त्याच फळीचा शेजारचा तुकडा तेवढ्याच वेळात पण पातळ करून वाकवून पाहा. तो वाकला तर अडचण जाडीची, म्हणजे गाभा तापायला वाफ कमी पडली होती किंवा पट्टा हवा. तोही तसाच मोडला तर ती फळी वाकवण्याच्या कामाची नाही.

पोटावर आडव्या सुरकुत्या किंवा एखादा फुगवटा आला असेल तर पोट झेपेल त्याहून जास्त दबलं. पट्टा फार आवळलेला, वळण फार तीव्र, लाकूड फार ओलं, किंवा पोटाकडे लपलेली गाठ. वळण एकसारखं न येता एकाच जागी कोन पडला असेल तर पट्टीची जाडी सारखी नव्हती. पातळ जागी ती आधी वाकते आणि मग सगळं वळण तिथेच गोळा होतं. वाकवण्यापूर्वी रंधा मारून जाडी एकसारखी करण्यात घालवलेला वेळ म्हणूनच वाया जात नाही.

आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. वाफेचा वेळ, जाडी आणि लाकूड तिन्ही एकदम बदललं तर तुकडा वाकला काय आणि मोडला काय, शिकायला काहीच मिळत नाही.

वाकल्यानंतर

साच्यावर बसलेली पट्टी पूर्ण गार होईपर्यंत तिथेच राहू द्यावी, निदान रात्रभर. लगेच काढली तर ती उलगडते. गार झाल्यावरही ती वाळलेली नसते. म्हणून साच्यावरून काढून दोन्ही टोकं दोरीने किंवा आडव्या काठीने त्याच आकारात बांधून सावलीत ठेवायची. पातळ पट्टीला आठवडा पुरतो, जाड पट्टीला जास्त. उन्हात ठेवण्याचा मोह आवरावा. पाठ झपाट्याने वाळते आणि तिच्यावर केसासारख्या चिरा पडतात.

बांधणी सोडल्यावर प्रत्येक पट्टी थोडी उलगडते. किती, ते लाकडावर, जाडीवर आणि वळणावर अवलंबून. एकाच झाडाच्या दोन पट्ट्याही सारख्या उलगडत नाहीत. म्हणून साचा हव्या आकारापेक्षा थोडा जास्त वळणाचा करतात, आणि तो थोडा म्हणजे किती, हे पहिल्या दोन-तीन तुकड्यांवरून ठरवतात. पट्ट्याने वाकवलेलं लाकूड तुलनेने कमी उलगडतं, कारण त्याची पाठ ताणलेली नसते. अगदी एकसारखे आठ भाग हवे असतील तर मात्र वाफ सोडून पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून साच्यात वळवण्याचा मार्ग पत्करावा. सरस वाळला की त्या फारशा हलत नाहीत, आणि आजचे सरस टोनेटच्या काळातल्या सरसापेक्षा पाण्यात कितीतरी जास्त टिकतात.

पावसाळ्याचा विचारही करावा लागतो. पोटाकडचे दबलेले तंतू ओलावा मिळाला की फुगून आपल्या जुन्या लांबीकडे जाऊ पाहतात, आणि वळण किंचित उघडतं. कोकणात हे ठळक जाणवतं. त्यामुळे वाकवलेल्या भागाची दोन्ही टोकं नुसती मोकळी सोडू नयेत, ती कशात तरी पक्की बसवावीत, आणि पॉलिश सगळ्या बाजूंनी, टोकांच्या उघड्या तंतूंनाही द्यावं.

पहिली वस्तू म्हणून खुर्ची घेऊ नये. ट्रेचं हँडल, कपडे अडकवायची खुंटी, टोपलीची कडी अशांपैकी काहीतरी घ्यावं: ६ ते ८ मिलिमीटर जाडी, त्रिज्या जाडीच्या २५ पट, एकच वळण. एकाच फळीतून सात-आठ पट्ट्या काढून ठेवाव्यात, म्हणजे मोडल्या तरी तुलना करायला त्याच लाकडाच्या उरतात. त्या नीट जमल्या की तेच वळण जाड पट्टी घेऊन पट्ट्याने करायचं. दोन वेगवेगळ्या दिशांना वळणारा दांडा त्यानंतर.